बावीस पैकी बावीस

“नऊ नंबर, चला, तुम्ही बाहेर पडलात,” असं म्हणत वॉर्डातल्या मदतनीस मावशीनं पलंगाच्या डोक्याशी लटकणारं पुठ्ठ्याचं कार्ड उलटं केलं. कार्डाच्या लाल बाजूवर ‘आत’ लिहिलेलं होतं आणि हिरव्या बाजूवर ‘बाहेर’. हिरवी बाजू समोर आली. कार्डाच्या दोरीत अडकवलेला नऊ नंबरचा पत्र्याचा बिल्ला काढून तिनं मुठीत घेतला.

पलंगावरचे काका जिथल्या तिथं आडवे होते.

“बाहेर पडलो का? मग ऊन आहे की सावली, तेवढं सांगा.”

“ऊन आहे.”

“मग घ्या परत आत. उगाच काळा पडेन.”

वॉर्डात हशा पिकला. दारात स्टॉपवॉच धरून उभी असलेली सिस्टर मात्र हसली नाही. “काका, खरी वेळ आली की हसू येत नाही कुणाला,” ती म्हणाली.

“सिस्टर, मी चाळीस वर्षं लिफ्ट चालवली. हजारो माणसं खाली सोडली. मला एकदा तरी खरंच खाली न्या की.”

“नेईन. वेळ आली की पहिले तुम्हाला नेईन,” सिस्टर म्हणाली आणि तिनं मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवली.

त्या दिवशी मी नवे बिल्ले द्यायला वर गेलो होतो, म्हणून हे संभाषण माझ्या कानावर पडलं. एरवी सरावाच्या वेळी माझी जागा खाली सायकल शेडमध्ये असायची. मी या रुग्णालयाच्या कार्यालयातला क्लार्क. बावीस खिळे ठोकलेली एक फळी माझ्याकडे असे. वरून आलेले बिल्ले एकेका खिळ्यावर टांगायचे आणि बावीस झाले की ओरडून सांगायचं, एवढंच माझं काम.

सिस्टरला सगळे मागून ‘शिट्टी सिस्टर’ म्हणायचे. गळ्यात शिट्टी घालून फिरणारी दुसरी कोणी आमच्याकडे नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी अकराला ती तीनदा शिट्टी वाजवायची आणि पहिल्या मजल्यावरचा पुरुषांचा वॉर्ड रिकामा करायचा सराव सुरू व्हायचा. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. नवे डॉक्टर हसायचे, मोठे साहेब सरावाच्या अहवालावर न वाचता सही करायचे, आणि मीही तो न वाचताच फाईलला लावायचो. रोज मरे त्याला कोण रडे, तसं आमचं झालं होतं.

ती मात्र कधी सैल पडली नाही. तिच्या पहिल्या नोकरीत एका रुग्णाचा प्राणवायू संपला. नवा सिलिंडर शेजारी उभा होता, पण तो उघडायची चावी चार मिनिटं कुणाला सापडली नाही. तेव्हापासून तिच्या वॉर्डातल्या प्रत्येक सिलिंडरला चावी साखळीनं बांधलेली असायची. घरी ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच. बहीण मला एकदा म्हणाली होती, “ही झोपायच्या आधी तीनदा गॅस बघते. मी म्हणते, अगं, तो बंद आहे. तर म्हणते, अक्का, बंद आहे हे तुला माहीत आहे, माझ्या हाताला माहीत नाही.”

हातांवर तिचा फार भरवसा होता. “भाऊसाहेब, ऐन वेळी डोकं पळून जातं,” ती मला सांगायची. “हात पळत नाहीत. म्हणून हातांना शिकवून ठेवायचं. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.”

कार्डांची गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण ती कार्डं मी कापली. पहिली दोन-तीन वर्षं सराव खरा व्हायचा. चालता न येणाऱ्यांना चादरीत घालून जिन्यानं खाली आणायचे. एकदा चादर एका हातातून सुटली आणि एका म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं. मोठ्या साहेबांनी लेखी आदेश काढला, की यापुढे सरावात अंथरुणाला खिळलेला एकही रुग्ण हलवायचा नाही. सिस्टर आठवडाभर त्यांच्या दाराशी भांडली. मग एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन बसली. तिचा चेहरा उतरलेला होता.

“सगळंच बंद पडण्यापेक्षा निम्मं तरी राहू दे,” ती म्हणाली. “चालणारे खाली येतील. जे हलवायचे नाहीत त्यांचं कार्ड उलटं करू आणि बिल्ला खाली पाठवू. हिशेब तरी पुरा होईल.”

मी जुन्या फायलींचे पुठ्ठे कापून बावीस कार्डं करून दिली. माझ्या अक्षराचं तिनं कौतुकही केलं. त्या दिवशी आम्ही दोघांनी काय करून ठेवलं, ते आम्हाला सोळा वर्षांनी कळलं.

लिफ्टवाले काका आमच्याकडे आठ महिने होते. कंबरेखालचं अंग गेलेलं आणि पाठीवर न भरणारी जखम. तरी पलंगाखाली त्यांच्या चपला असायच्या, जोडीनं, तोंड दाराकडे करून ठेवलेल्या. काकू रोज डबा घेऊन आल्या की आधी चपला पुसायच्या. “दोन वर्षांत पाय टेकलेला नाही यांचा,” त्या हसून सांगायच्या, “पण चपला लागतातच. म्हणतात, माणसानं निघायच्या तयारीत असावं.” सिस्टरला हे फार आवडायचं. आठ महिन्यांत काका आठ वेळा बाहेर पडले होते. मावशीचे पलंग सात ते बारा. त्यातले पाच जण तिच्यामागून रांगेनं जिना उतरायचे आणि काकांचा बिल्ला तिच्या मुठीतून यायचा.

मग पुन्हा महिन्याचा पहिला मंगळवार आला. शिट्टी वाजली तेव्हा माझ्या घड्याळात अकराला वीस मिनिटं कमी होती. सिस्टरची वेळ चुकली याचं मला नवल वाटलं. चला, आपली सिस्टरसुद्धा माणूस आहे म्हणायची, असं पुटपुटत मी फळी उचलली आणि शेडमध्ये जाऊन उभा राहिलो.

बिल्ले येऊ लागले. मावशी आली. तिच्या पाच जणांपैकी एकाला जिन्यातच भोवळ आली होती. त्याला काखेत धरून तिनं जवळजवळ उचलूनच आणला होता. मला तळहात पुढे करायला सांगून तिनं मूठ मोकळी केली. सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. मी ते सहा खिळ्यांवर सहा टांगले. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं आणि मी वर पाहिलं. वॉर्डाशेजारच्या कपड्यांच्या कोठारातून काळा धूर येत होता.

पुढची दहा मिनिटं सिस्टर आणि तिच्या हाताखालची नर्स, या दोघींनी चालता न येणाऱ्या तीन रुग्णांना चादरीत घालून खाली आणलं. त्या तिघांचे पलंग या दोघींच्या वाट्याच्या बाजूला होते. एक चुकीचा हात पडला नाही, एक चादर सुटली नाही. एवढ्या धुरात मी ते बघत होतो आणि मला अभिमान वाटत होता, हेही लिहून ठेवतो. शेवटचा रुग्ण खाली पोचला तशी सिस्टर पुन्हा वर गेली. थोड्या वेळानं ती वरच्या सज्जात दिसली. तोंडाला ओला टॉवेल बांधलेला.

“भाऊसाहेब, किती?”

मी फळीकडे पाहिलं. एकही खिळा रिकामा नव्हता.

“बावीस!”

“नक्की?”

“बावीस पैकी बावीस!”

तिनं वॉर्डाच्या दाराकडे एकदा वळून पाहिलं. मग ती खाली आली. बंबवाले येताच तिनं त्यांना सांगितलं, “वॉर्ड रिकामा आहे, कोठाराकडे जा.” ते कोठाराकडे गेले.

मी माणसं मोजली नाहीत. सोळा वर्षांत मी कधीच माणसं मोजली नव्हती. मी बिल्ले मोजायचो, आणि बिल्ले कधी चुकले नव्हते. त्या दिवशीही चुकले नाहीत.

काकू साडेअकराच्या सुमारास आल्या, हातात डबा. शेडभर माणसं पडलेली, बसलेली, खोकणारी. त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत फिरल्या आणि शेवटी माझ्यापाशी आल्या.

“आमचे हे कुठं दिसत नाहीत.”

“खाली आलेत काकू, इथंच असतील,” मी म्हणालो आणि फळीवरचा नऊ नंबर दाखवला.

सिस्टर दोन पावलांवर होती. तिनं बिल्ला बघितला, मग मावशीकडे बघितलं. मावशी आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

“मी उलटं केलं,” मावशी म्हणाली. “सिस्टर, मी कार्ड उलटं केलं.”

सिस्टर धावली. बंबवाल्यांनी तिला जिन्यात अडवलं आणि ते स्वतः वर गेले. पलंग जळला नव्हता. आग वॉर्डात पोचलीच नव्हती, पोचला होता तो धूर. काका भिंतीकडे तोंड करून होते. डोक्याशी कार्ड लटकत होतं, हिरवी बाजू समोर. पलंगाखाली चपला होत्या.

आठ नंबरचा माणूस नंतर म्हणाला, की निघताना त्यानं काकांना विचारलं होतं, येताय ना? काका म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे, मी कधीच पोचलोय.” तोपर्यंत धुराचा वास आला नव्हता. त्यांनाही तो सरावच वाटला असणार. पुढे त्यांनी हाक मारली का, किती वेळ मारली, ते कुणालाच माहीत नाही. मी मात्र ती रोज ऐकतो.

चार दिवसांनी काकू चपला न्यायला आल्या. सिस्टर उभी राहिली. काकूंनी चपला पिशवीत घातल्या.

“ते म्हणायचे, शिट्टीवाली आहे तोवर आपल्याला घोर नाही,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग चौकशी समिती बसली. तिघं जण आले, तीन दिवस बसले, आणि सगळ्यांचे जबाब मी टाईप केले. सिस्टरनं सांगितलं, “कार्ड माझं. सोळा वर्षं मी त्या हातांना एकच गोष्ट शिकवली, की नऊ नंबर म्हणजे कार्ड उलटं करायचं. हातांनी शिकवलेलं केलं. चूक शिकवणाऱ्याची आहे.” समितीचे अध्यक्ष म्हणाले, “सिस्टर, भावनेच्या भरात बोलू नका. तुमची निवृत्ती दोन महिन्यांवर आलीये.” मी माझ्या जबाबात, मी माणसं मोजली नाहीत, असं लिहिलं. अध्यक्षांनी ते वाचलं आणि, तुमचं काम बिल्ले मोजायचं होतं ना, मग झालं तर, असं म्हणून पान उलटलं.

मावशी तर जबाबात एकच वाक्य बोलली. “साहेब, मी त्यांच्या डोळ्यांत बघून कार्ड उलटं केलं.”

अहवाल आला. कोठारात धूर दिसल्यापासून तो नऊ नंबरच्या कोपऱ्यापर्यंत माणूस गुदमरेल इतका दाट व्हायला अकरा मिनिटं लागली, असं त्यात होतं. सराव नियमित होता, नोंदी आदर्श होत्या. कार्डाची पद्धत स्तुत्य असून ती सर्व वॉर्डांत सुरू करावी. दुर्घटना परिचारिका-मदतनिसाच्या व्यक्तिगत निष्काळजीपणामुळे घडली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते मी स्वतःच्या बोटांनी टाईप केलं. मावशीवर ठपका ठेवून तिची धुलाईघरात बदली झाली. मला दोनशे कार्डं बनवायचा आदेश मिळाला. त्याचे पुठ्ठे माझ्या कपाटात पडून आहेत.

धुलाईघरात मावशी कुणाशी बोलेना. सिस्टर दुपारी डबा घेऊन तिच्याजवळ जाऊन बसायची. दोघींचा डबा तसाच परत जायचा. एकदा मी कागद घेऊन गेलो तेव्हा मावशी विचारत होती, “अकरा मिनिटं पुष्कळ असतात का हो, सिस्टर?” तिला घड्याळ कळत होतं, पण मिनिटांची लांबी कळत नव्हती. सिस्टरनं डब्याचं झाकण लावलं. मावशी मला म्हणाली, “भाऊ, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा, अकरा मिनिटांत माणूस खाली येतो का?” मीही काढता पाय घेतला.

सिस्टरच्या नोकरीतला शेवटचा मंगळवार आला. वॉर्डाची रंगरंगोटी झाली होती, रुग्ण दुसऱ्या दिवसापासून येणार होते. अकराला पाच कमी असताना तिनं मला वर बोलावलं. मावशी आधीच तिथं उभी होती, धुलाईघराचा ओला पदर खोचून. रिकाम्या वॉर्डात नव्या रंगाचा वास होता.

सिस्टरनं चपला काढल्या आणि ती नऊ नंबरच्या पलंगावर जाऊन आडवी झाली.

“काकांचं वजन बावन्न होतं,” ती म्हणाली. “माझं चोपन्न आहे. मावशी, डोक्याकडे तुम्ही. भाऊसाहेब पायाकडे. मी काही मदत करणार नाही. मला खरंच खाली न्यायचं.”

“सिस्टर, नको,” मावशी म्हणाली.

“एकदा बघू या, मावशी. तुम्हालाही बघायचंच आहे.”

तिनं स्टॉपवॉच छातीवर धरलं, शिट्टी तोंडात घेतली, तीनदा वाजवली आणि डोळे मिटले.

आम्ही दोघांनी पन्नाशी ओलांडलेली. मावशीनं चादरीचे कोपरे कसे गुंडाळायचे ते मला एका शब्दात सांगितलं. तिचे हात विसरले नव्हते. पलंगावरून जमिनीवर, जमिनीवरून ओढत दारापर्यंत, दारातून जिन्याकडे. जिन्याच्या वळणावर मला धाप लागली आणि मी टेकलो. सिस्टरचं कोपर कठड्यावर आपटलं. ती हूं की चूं करत नव्हती. तिचा अंबाडा सुटला होता आणि पांढरे केस चादरीबाहेर लोंबत होते. मावशी मान सांभाळत एकेक पायरी उतरत होती आणि पुटपुटत होती, “आलंच काका, आलंच, झालं आता.” मी खाली बघत राहिलो, कारण मला तिचं तोंड बघवेना.

शेडमध्ये आम्ही तिला टेकवलं. सिस्टरनं डोळे उघडले आणि स्टॉपवॉचचं बटण दाबलं. मी तिच्या पायाशी गुडघ्यांवर बसलो होतो. काचेतला आकडा मला दिसला. सहा मिनिटं, चाळीस सेकंद.

“किती झाली?” मावशीनं विचारलं.

सिस्टर आकड्याकडे बघत राहिली. एकोणीस वर्षं ती सेकंदसुद्धा सोडत नसे. एकदा माझ्याकडून सव्वापाचचे पाच लिहिले गेले, तर तिनं पान फाडायला लावलं होतं. तिनं अंगठ्यानं दुसरं बटण दाबलं आणि काच कोरी झाली.

“चौदा,” ती म्हणाली.

“अकराच्या आत नाही?”

“नाही. चौदा मिनिटं लागली. नसतं जमलं, मावशी. तुम्हाला नाही, मला नाही, कुणालाच नसतं जमलं.”

“खरंच ना, सिस्टर?”

“मी कधी वेळ खोटी सांगितली आहे का?”

मावशीनं मान हलवली. मग ती सायकलींच्या मधल्या जागेत खाली बसली आणि रडू लागली. दोन महिन्यांत ती पहिल्यांदा रडत होती. सिस्टर तिच्या पाठीवर हात फिरवत अनवाणीच वाकून उभी राहिली.

“भाऊसाहेब, नोंद करा,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “नऊ नंबर. चौदा मिनिटं.”

मी वही उघडली आणि चौदा लिहिलं. तिनं सही केली. सही नेहमीसारखीच स्वच्छ होती, फक्त तारीख घालताना तिचा हात थांबला, आणि ती मला घालावी लागली.

“माझ्या चपला वर राहिल्या,” ती म्हणाली. “आणता का तेवढ्या?”

मी वर गेलो. नऊ नंबरच्या पलंगाखाली त्या होत्या, जोडीनं, तोंड दाराकडे करून ठेवलेल्या. मी त्या उचलल्या आणि खाली घेऊन आलो.